नळी क्रमांक दोन वितळेल तेव्हा हजर राहण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक,
सांता एदुविखेस बाल-हृदय रुग्णालय,
मेदेयीन.

अर्जदार : श्रीमती दिओसेलिना इबार्गुएन, राहणार बोका दे आनचिका, चोको किनारा (कै. नेरेइदा वालोयेस हिची आई).

अर्ज लिहिणार : फाउस्ता रेन्तेरिया, शिक्षिका, गावची शाळा (कै. नेरेइदा हिच्या बाप्तिस्म्यासाठी ठरलेली धर्ममाता).

विषय : आपल्या रुग्णालयाच्या तळघरातील शीतकोठीत कै. नेरेइदा हिच्या नाळेच्या रक्तातून काढलेल्या मूळपेशींची एक नळी शिल्लक आहे. ती नष्ट करतेवेळी अर्जदारास त्या खोलीत हजर राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) नळी परत मिळण्याबाबतचा अर्जदाराचा पहिला अर्ज व आपल्या कार्यालयाचा नकार. २) दफनाच्या परवानगीसाठीचा दुसरा अर्ज व आपल्या कार्यालयाचा नकार. ३) नमुना विभागाचे श्री. ओस्पिना यांनी खिडकीवर दिलेला तोंडी नकार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, यापूर्वीच्या दोन्ही अर्जांतील मागण्या अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. तिला आता नळी नको आहे. तिला जे हवे आहे ते शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे. आपणास वेळ नसल्यास तेवढाच परिच्छेद वाचावा. तथापि मधला मजकूर वाचल्याशिवाय ती मागणी विचित्र वाटेल, म्हणून तो सविस्तर लिहिला आहे.

१. अर्जदार ही खारफुटीच्या चिखलातून शिंपल्या वेचण्याचे काम करते. तिचे पती श्री. एल्किन वालोयेस मासेमारी करतात. लग्नानंतर बरीच वर्षे त्यांना मूल नव्हते. दिवस राहिल्याचे कळले तेव्हा श्री. एल्किन यांनी होडीला नवा रंग दिला व तिच्यावर नाव घालण्यासाठी जागा मोकळी सोडली, कारण मुलगा की मुलगी हे अद्याप कळलेले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर आरोग्य पथकाची बोट अधूनमधून येते. पाचव्या महिन्यात त्या बोटीवर अर्जदाराची सोनोग्राफी झाली. तपासणारा डॉक्टर तोवर गप्पा मारत होता. पडदा अर्जदाराकडून स्वतःकडे वळवून त्याने एवढेच म्हटले, "ताई, तुम्हाला मेदेयीनला जावं लागेल."

२. आपल्या रुग्णालयात डॉ. इर्मा साल्दारियागा यांनी दांपत्याला समोर बसवून कागदावर हृदयाचे चित्र काढून दाखवले. डावा अर्धा भाग त्यांनी इतका लहान काढला की श्री. एल्किन यांना वाटले, पेन चालत नाही.

"डावी बाजू वाढलेलीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तेवढा भाग गेला कुठं?" श्री. एल्किन यांनी विचारले.

"गेला नाही कुठं. झालाच नाही. आता उजव्या बाजूला दोघांचं काम करावं लागणार."

तीन शस्त्रक्रिया लागतील, पहिली जन्मल्याबरोबर, असे त्यांनी सांगितले. त्याखेरीज आपल्याकडे एक अभ्यास चालू आहे, हेही सांगितले. बाळ जन्मताच त्याच्याच नाळेतले रक्त घ्यायचे, त्यातून मूळपेशी, ज्यांना आपल्याकडे सगळे स्टेम सेल म्हणतात, त्या वेगळ्या करून गोठवून ठेवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी बारीक सुईने हृदयाच्या उजव्या भागात टोचायच्या, म्हणजे त्या थकणाऱ्या स्नायूला बळ येईल अशी आशा. डॉक्टरबाईंनी आशा हाच शब्द वापरला. हमी हा शब्द त्यांनी कधीही वापरला नाही आणि अर्जदाराने तो त्यांच्या तोंडी कधी घातलेला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करीत आहे.

अर्जदाराने एकच प्रश्न विचारला. "टोचताना दुखेल का तिला?"

"ती झोपेत असेल, बाळा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

३. आमच्याकडे मूल जन्मले की त्याची नाळ व वार अंगणात पुरून वर एक रोप लावतात. ते झाड त्या मुलाचे. पुढे मूल हरवले, शहरात गेले, कुणाशी भांडले, तरी झाड असते. नेरेइदा जन्मली तेव्हा श्री. एल्किन यांनी प्रसूतिगृहाच्या दारात नाळ मागितली. तेथील परिचारिका हसून म्हणाली, "साहेब, ती केव्हाच कामाला लागली!" श्री. एल्किन हिरमुसले. त्यावर अर्जदार पलंगावरून त्यांना म्हणाली, "अहो, असू द्या की. अंगणात असली काय अन् त्यांच्या बरणीत असली काय, पोरीच्याच उपयोगी पडणार ना?"

सांगण्याचा हेतू हा की, नाळ रुग्णालयाने हिरावून घेतली असे अर्जदाराचे म्हणणे नाही. तिने ती आनंदाने दिली होती.

४. पहिली शस्त्रक्रिया पार पडली. बाळ निळसर होते, वजनाने एखाद्या बऱ्या माशाएवढे, व छातीवर मधोमध टाके. अर्जदार डोंगरउतारावरील आईबापांच्या निवाऱ्यात राहू लागली. तेथे राजम्याची उसळ भरपूर मिळे, परंतु नारळाचा भात नसल्याने तिचे पोट भरत नसे. श्री. एल्किन यांना किनाऱ्यावर परतावे लागले. ते रोज फोनवर नेरेइदाला समुद्राचा आवाज ऐकवत. अतिदक्षता विभागात फोनला बंदी असल्याने एक परिचारिका तेवढ्यापुरती पाठ करून उभी राही. तिचे नाव अर्जदाराने सांगितलेले नाही व आपणही विचारू नये.

मूळपेशींच्या दोन नळ्या भरल्या होत्या. दुसऱ्या शस्त्रक्रियेत पहिली नळी वापरली गेली. दुसरी राखून ठेवली. पुढे हृदय पुन्हा थकल्यास लागेल, असे सांगण्यात आले.

५. त्यानंतरचे दिवस चांगले गेले. हे लिहिताना अर्जदार माझ्या शेजारी बसली आहे आणि ती म्हणते, "बाई, हे नीट लिहा हं. नाहीतर त्यांना वाटेल सगळं वाईटच झालं." म्हणून नीट लिहीत आहे. नेरेइदाच्या नखांचा निळेपणा गेला. दूध पिताना तिला मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत असे, ते कमी झाले. ती आईच्या वेण्या ओढू लागली. कोणी शिंकले की तिला हसू येई, इतके की निवाऱ्यातल्या साऱ्या बाया तिच्यासाठी खोट्या शिंका देऊ लागल्या. तपासणीच्या दिवशी डॉ. साल्दारियागा यांनी अर्जदाराला पडद्याजवळ बोलावून घेतले.

"हे बघ, दिओसेलिना. हृदय कसं आवळतंय बघ."

"मुठीसारखं," अर्जदार म्हणाली.

"अगदी मुठीसारखं. मागच्या खेपेला असं नव्हतं."

हे पेशींमुळे की शस्त्रक्रियेमुळे की आणखी कशामुळे, ते इतक्यात सांगता येणार नाही, असेही डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या. पण त्या म्हणताना हसत होत्या, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. त्या दिवशी श्री. एल्किन यांनी होडीवर सोडलेल्या मोकळ्या जागेत नेरेइदाचे नाव रंगवले. मी स्वतः त्यांना अक्षरे आखून दिली.

६. पुढे घरी जाण्याची बोलणी चालू असताना तिला ताप आला. फुप्फुसात कफ झाला. दोन दिवस ती बरी-वाईट होत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या दाराशी असलेल्या पहारेकऱ्याने अर्जदारास सांगितले की, तिची निवाऱ्यात राहण्याची मुदत संपली आहे, खाली जाऊन मुदतवाढीचा शिक्का आणावा.

"नंतर जाते ना, दादा. आत्ता ती जागी आहे," अर्जदार म्हणाली.

"खिडकी बंद होईल, बाई. मग आज झोपणार कुठं? जाऊन या पटकन."

अर्जदार गेली. खिडकीवर रांग होती. तिच्या पुढच्या माणसाचे कागद अपुरे होते व तो वाद घालत होता. शिक्का मिळवून ती वर आली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. एक परिचारिका पडद्यातून बाहेर येऊन म्हणाली, "कुठं होतीस गं? किती शोधलं तुला आम्ही."

महोदय, ही तक्रार नव्हे. पहारेकरी भला माणूस होता, त्याने तिच्या सोयीचेच सांगितले. परिचारिकाही भली. अर्जदार येथे केवळ वस्तुस्थिती नोंदवीत आहे, की त्या वेळी ती तेथे नव्हती.

७. कै. नेरेइदा हिचे शव लहान विमानाने किनाऱ्यापर्यंत व तेथून तिच्याच नावाच्या होडीतून गावी आणण्यात आले. आमच्याकडे एवढे लहान मूल गेले तर ते देवदूत होऊन सरळ वर जाते, असे मानतात. म्हणून त्याची रात्र रडून काढत नाहीत, गाऊन काढतात. त्याला आम्ही गुआली म्हणतो. लेकरे फेर धरतात, बाया टाळ्यांवर पाळण्याची गाणी म्हणतात, उसापासून गाळलेली 'विचे' नावाची दारू फिरते आणि सजवलेले बाळ या हातातून त्या हातात झुलवले जाते. आईने रडायचे नसते. तिच्या आसवांनी पंख भिजले तर बाळाला उडता येत नाही.

गाण्यांना पुढे होत्या श्रीमती पास्तोरा मुरियो. गावातल्या सर्वांची ही गाणी त्याच म्हणतात. त्या अर्जदाराच्या कानाशी लागून म्हणाल्या, "पोरी, आता नाही हं. नंतर किती रडायचं ते रड."

अर्जदार रडली नाही. गावाने तिचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशीही ती रडली नाही आणि त्या महिन्यातही नाही. भरती-ओहोटी बघून चिखलात शिंपल्या वेचायला ती सर्वांबरोबर जात होती. बोलत होती, जेवत होती. श्री. एल्किन मात्र मला वाटेत गाठून म्हणाले, "बाई, ती रात्री नुसती बसून असते हो. काय करू मी?" 

८. अशा स्थितीत आपल्या कार्यालयाचे पत्र आले. "रुग्ण क्रमांक अमुक यांची प्रकरण-नस्ती बंद झाल्याने नळी क्रमांक दोनबाबत पालकांचे म्हणणे कळवावे, अन्यथा ती नष्ट करण्यात येईल," अशा आशयाचे. नळीचा सर्वांना विसर पडला होता. पत्र वाचून दाखवल्यावर अर्जदार म्हणाली, "म्हणजे तिचं काहीतरी अजून तिकडेच राहिलंय?" आणि उठून उभी राहिली, जणू होडी आत्ता सुटणार होती.

पहिला अर्ज मी त्याच दुपारी लिहिला. नळी द्यावी, आम्ही ती नेरेइदाशेजारी पुरू. आपले उत्तर आले की, असा नमुना खासगी व्यक्तीस देता येत नाही, द्रव नायट्रोजनची सोय असलेल्या मान्यताप्राप्त संस्थेसच देता येतो, तरी आपल्या गावातील अशा संस्थेचे नाव कळवावे. महोदय, आमच्या गावात बर्फसुद्धा बोटीने येतो.

दुसऱ्या अर्जात आम्ही कळवले की, पुरावयाचेच असल्याने गार ठेवण्याची गरज नाही. त्यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, मानवी अवशेष पुरण्यासाठी दफन परवाना लागतो. परवान्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो. कै. नेरेइदा हिचा दाखला तिच्या दफनासाठी एकदा वापरला गेलेला आहे. आणि नळीपुरता वेगळा दाखला देता येणार नाही, कारण, येथे आपलेच शब्द उतरवीत आहे, "सदर नमुना तपासणीअंती जिवंत आढळलेला आहे."

९. हे वाक्य लिहिणाऱ्यास त्याचा काय परिणाम होईल याची कल्पना नसावी. मी ते शाळेच्या पडवीत वाचून दाखवले. माझे चुकले असेल, पण पत्र जसेच्या तसे वाचायचे अशी मला सवय आहे.

"जिवंत?" श्री. एल्किन म्हणाले. "कोण जिवंत?"

"नमुना," मी म्हणाले.

"नमुना म्हणजे कोण?"

मग मी श्रीमती पास्तोरा यांना बोलावून घेतले.  त्यांच्या मनात वेगळीच भीती शिरली होती, ती त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. "फाउस्ता, आपण गुआली गायलो ना? जिवंताचा गुआली गात नसतात गं. पोरीतलं थोडं खाली राहिलं असेल तर ती उडाली कशी असेल?" आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांना वाटेला लावले, त्या बाईंची झोप उडाली.

अर्जदाराने त्या दिवसापासून स्वयंपाकघराचे मागचे दार उघडे ठेवायला सुरुवात केली. पाऊस आत येई, कोंबड्या आत येत, तरी ती दार लावू देईना. का, असे कुणी विचारले नाही. एकदा मला म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. जिवंत म्हणजे किती जिवंत असतं?"

मी तीस वर्षे मुलांना सजीव व निर्जीव हा धडा शिकवीत आहे. त्या धड्यात 'किती' हा शब्द नाही.

१०. सबब आम्ही तिघी, म्हणजे अर्जदार, श्रीमती पास्तोरा व मी, गेल्या सोमवारी मेदेयीन येथे आलो. श्री. एल्किन आले नाहीत. ते म्हणाले, "मी आलो तर त्या कोठीचा दरवाजा तोडीन," आणि ते समजून घरी थांबले.

डॉ. साल्दारियागा यांनी आम्हाला लगेच आत घेतले.  त्यांनी अर्जदाराचा हात हातात घेतला व तो पुढचा सर्व वेळ सोडला नाही. पत्रातील वाक्य मी त्यांना दाखवले. त्यांनी वाचून डोळे मिटून घेतले.

"हे असं लिहायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"पण खरं आहे का?" अर्जदाराने विचारले.

"खरं आहे. पेशी जिवंत आहेत. पण त्यात ती नाही, दिओसेलिना. ती बघत नाही, तिला थंडी वाजत नाही, ती कुणाची वाट बघत नाही. तिच्या अंगातलं थोडंसं काहीतरी आहे, थांबवून ठेवलेलं. एवढंच."

"दुसऱ्या कुणाच्या बाळाला द्याल का? वर निवाऱ्यात मी एकीला बघितलं, तिची पण तशीच निळी आहे."

हे अर्जदार बोलेल अशी आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती. वाटेत तिने यातले काही बोलून दाखवले नव्हते.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "नाही गं. या अभ्यासात ज्याचं त्यालाच चालतं. दुसऱ्याला देता आलं असतं तर मी आधी तुलाच विचारलं असतं."

 मग अर्जदाराने विचारले, "नष्ट करतात म्हणजे काय करतात?"

"कोठीतून बाहेर काढतात. बाहेर राहिलं की ते हळूहळू वितळतं. मग पेशी थोड्या वेळाने मरतात. मग ते जाळण्याच्या डब्यात जातं."

"दुखतं?"

"नाही. तिथे दुखायला काही नाही."

"किती वेळ लागतो?"

"असंच ठेवलं तर बराच. हातात धरलं तर..." असे म्हणून डॉक्टरबाई थांबल्या. आपण काय बोललो हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले असावे. मग हळू म्हणाल्या, "हातात धरलं तर थोडाच वेळ. पण आधी टेबलावर ठेवावं लागतं, नाहीतर तळहाताची कातडी जाईल."

श्रीमती पास्तोरा तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या. "डॉक्टरबाई, म्हणजे पोर गेलेलीच आहे ना? वर पोचलेली आहे ना?"

महोदय, डॉ. साल्दारियागा या विज्ञान शिकलेल्या आहेत. त्या काहीही बोलू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "हो आजी. पोचलेली आहे."

पास्तोराआजींनी छातीवर क्रूस काढला. मग अर्जदाराच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मग ऐक, पोरी. त्या नळीला पंख नाहीत. तिच्यापाशी तुला पाहिजे ते कर."

११. त्यानंतर आम्ही तळघरात नमुना विभागाच्या खिडकीवर गेलो. श्री. ओस्पिना यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले व नकार दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, नातेवाईकांना अंत्यसमयी हजर राहण्याचा हक्क आहे, परंतु नमुना नष्ट करणे हा अंत्यसमय नव्हे. "तो मृत्यू धरत नाहीत, बाई," ते म्हणाले. मी त्यांना आपल्याच कार्यालयाचे, नमुना जिवंत असल्याचे पत्र दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला व पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला तसा अधिकार नाही. वर लिहून द्या."

म्हणून वर लिहून देत आहोत.

१२. विनंती. नळी परत द्यावी, अशी अर्जदाराची मागणी नाही. नळी जपून ठेवावी, अशीही नाही. कोणाची चौकशी करावी, कोणास जाब विचारावा, असे तर मुळीच नाही. ज्यांनी नेरेइदाच्या हृदयाला बळ देण्यासाठी कष्ट घेतले, त्यांच्याबद्दल अर्जदाराच्या मनात काही किल्मिष नाही, आणि तो अभ्यास पुढे चालावा, निळ्या बाळांना त्याचा लाभ व्हावा, असे तिला मनापासून वाटते. तिची मागणी पुढीलप्रमाणे आहे.

आपण नळी क्रमांक दोन ज्या दिवशी कोठीतून काढाल त्या दिवशी अर्जदारास त्या खोलीत येऊ द्यावे. नळी टेबलावर ठेवून हातात धरण्याजोगी झाली की ती तिच्या हातात द्यावी. हातमोजे घालावयास सांगितल्यास ती घालील, परंतु शक्य असल्यास सांगू नये. नळी पूर्ण वितळेपर्यंत व त्यापुढेही थोडा वेळ तिला तेथे बसू द्यावे. त्या अवधीत तिला कोणत्याही खिडकीवर, कोणत्याही शिक्क्यासाठी, कोणत्याही कारणाने बाहेर पाठवू नये.

सोबत मी व श्रीमती पास्तोरा राहू. त्या कदाचित एखादे गाणे म्हणतील. आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने म्हणतील, असे त्यांनी कबूल केले आहे. पेशी जिवंत राहणार नाहीत तेव्हा कुणीतरी अर्जदारास तसे सांगावे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि त्या वेळी अर्जदार रडली, अगदी मोठ्याने रडली, तरी तिला कोणी गप्प करू नये. खंबीर आहेस, असेही कोणी म्हणू नये.

त्यानंतर नळी ती स्वतः आपल्या कर्मचाऱ्याच्या हाती परत देईल. त्याबद्दल पावती नको.

उत्तर येईपर्यंत आम्ही तिघी तळघरातल्या बाकावर आहोत. तिथे बसू नये असे असल्यास सांगावे, आम्ही जिन्यात बसू.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही) दिओसेलिना इबार्गुएन

अर्ज लिहिणार : (सही) फाउस्ता रेन्तेरिया

मेदेयीन, दि. ९ सप्टेंबर २०२२

सोबत : १) आपल्या कार्यालयाची तिन्ही पत्रे. २) मृत्यूच्या दाखल्याची प्रत. ३) नेरेइदा शिंकेला हसत असतानाचे छायाचित्र एक. हे कार्यालयीन कामासाठी नाही, केवळ आपणास ती कशी होती हे कळावे म्हणून. काम झाल्यावर परत मिळावे.

—

शेरा (वैद्यकीय संचालक) :

नातेवाईकांच्या हजेरीस मनाई करणारा नियम शोधला, सापडला नाही. परवानगी देणाराही सापडला नाही. सबब माझ्या अधिकारात परवानगी देत आहे. नळी उद्या सकाळी काढावी. डॉ. साल्दारियागा यांनी हजर राहण्याची इच्छा कळवली आहे, त्यांनाही परवानगी. हातमोज्यांची सक्ती करू नये. छायाचित्र पाहिले. अर्जदारास स्वतः परत देईन.

अंमलबजावणी (नमुना विभाग) :

आदेशाप्रमाणे नळी क्रमांक दोन आज सकाळी कोठीतून काढून टेबलावर ठेवली व नंतर अर्जदाराच्या हातात दिली. आत अर्जदार, सोबतच्या दोन बाया व डॉ. साल्दारियागा. दार लावून घेतले. सुरुवातीस आतून गाणे ऐकू येत होते, नंतर ते थांबले. अर्जदार मोठ्याने रडत असल्याने शेजारच्या विभागातील कर्मचारी विचारणा करण्यास आले. खोली वापरात आहे असे सांगून मी त्यांना परत पाठवले व दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहिलो. त्या दरम्यान विभागाची खिडकी बंद होती.

काम पूर्ण झाल्यावर अर्जदाराने नळी माझ्या हातात दिली.

स्वीकारतेवेळी नळीचे तापमान : मोजले नाही. हाताला कोमट लागली.

(सही) ओस्पिना